समोरच्या ओळीचं उत्तर

करुणाला जागेवरून उठू द्यायचं नाही, असा जणू त्या परिषदेनं ठरावच करून ठेवला होता.

सकाळी पुंडलिकनगरहून रिक्षानं ती कॉलेजच्या फाटकाशी उतरली. पांढरी काठी उघडते न उघडते तोच एक हात तिच्या कोपराखाली आला आणि आवाज आला, "या या करुणाताई! तुमचीच वाट बघत होते." हात आणि आवाज दोन्ही सुरेखाताईंचे. सुरेखाताई त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, पण गेले कित्येक दिवस त्यांनी झाडाच्या पानाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. मौखिक इतिहासाची परिषद आपल्या कॉलेजात भरणार आणि ती दिव्यांग माणसांसाठी खरोखर सोयीची असणार, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. उतार बांधून झाला तेव्हा त्या स्वतः व्हीलचेअरवर बसून वर गेल्या, उतरताना जोरात किंचाळल्या, आणि गवंड्याला तो मोडून पुन्हा बांधावा लागला. कार्यक्रमपत्रिका त्यांनी ब्रेलमध्ये करून आणली होती. खुणांच्या भाषेत भाषणं सांगायला पुण्याहून एक बाई बोलावली होती. एवढं करणारं माणूस करुणाला आजवर भेटलं नव्हतं, म्हणून पुढं जे झालं त्यावर तिला धड चिडताही येईना.

"तुमची जागा पहिल्या रांगेत, उजवीकडं. आवाज अगदी स्पष्ट येतो इथं, मी डोळे मिटून बसून पाहिलंय," सुरेखाताई म्हणाल्या. "व्हीलचेअरवाल्यांची मागं डावीकडं केलीय, उताराच्या दाराशी. ज्यांना ऐकू येत नाही ते पुढं डावीकडं, उजेडात. आणि एक ऐका. काही लागलं तर उठायचं नाही. पाणी, चहा, जेवण, सगळं जागेवर येणार. पाहुण्यानं उठायचं म्हणजे आमची नाचक्की."

करुणा हसली आणि बसली. तिला वाटलं, बोलण्याची पद्धत असते माणसाची. ती पद्धत नव्हती, ती आज्ञा होती, हे तिला अकरा वाजता कळलं.

करुणा एका शाळेत इतिहास शिकवायची. ती चौकस होती, पण ते नोकरीमुळं नव्हे, उपजतच. बसल्या बसल्या तिनं खुर्चीच्या अभ्र्याची गाठ चाचपून पाहिली, शेजारच्या माणसाच्या श्वासावरून तो पेंगतोय का ऐकतोय हे ठरवलं, आणि मागं कुणीतरी लाडू की चिवडा खातंय यावर मनात बराच विचार केला. पण आज ती इथं आली होती ती एकाच गोष्टीसाठी. तिच्या आईनं तिला एका कोड्यात अडकवून ठेवलं होतं, आणि त्याचं उत्तर तिला कुणाकडून तरी हवं होतं.

आई म्हणजे पारूबाई, मूळची देवगाव रंगारीची. बहात्तरच्या दुष्काळात पारूबाई नवी सून होती आणि तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. तिथं बायकांच्या दोन ओळी समोरासमोर बसायच्या. एक ओळ बौद्धवाड्यातल्या बायकांची, दुसरी पाटलांच्या आळीतल्या. दुष्काळानं सगळ्यांच्याच हाती हातोडी दिली होती. पाण्याचे रांजण मात्र वेगळे होते. पण ऊन दोन्हीकडं सारखंच, आणि हातोडीला ताल लागला की एका ओळीनं गाण्यातून कोडं घालायचं आणि दुसऱ्या ओळीनं गाण्यातूनच उत्तर द्यायचं, असा खेळ तिथं सुरू झाला. त्याचे नियम कडक होते. समोरून खरं उत्तर येत नाही तोवर विचारणारीनं पुढचं कोडं काढायचं नाही. आणि आपल्याच कोड्याचं उत्तर आपण फोडायचं, हे तर मुळीच नाही.

एक दिवस पारूबाईनं एक कोडं घातलं आणि त्याचं उत्तर आलंच नाही. का आलं नाही ते पारूबाईलाही नीट ठाऊक नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत ती तिथंच थांबली होती. पाळण्याची गाणी, विहारातली गाणी, लग्नातली गाणी, सगळं तिनं लेकीला रेकॉर्ड करून दिलं होतं. पण खडीवरची कोडी म्हण म्हटलं की एकच म्हणायची:

दोघी बहिणी गं, एका घरी नांदती,
जन्माच्या सोबती, कधी ना भेटती.
एक अडली रानात, दुसरी काय करती?
अडलीच्या भवती गं फेर ती धरती.
वळखा गं बायांनो, कोण त्या, कोण त्या?

"पुढचं म्हण ना आई," करुणा म्हणायची.

"आधी उत्तर."

"डोळे. मधी नाकाचा डोंगर, म्हणून भेट नाही."

"नाय. डोळा कधी डोळ्याभवती फिरतो व्हय?" पारूबाई म्हणायची आणि तोंड मिटून घ्यायची.

कोडं ऐकणारा जो तो डोळेच म्हणायचा. त्यातून करुणा आंधळी, म्हणून काही जण डोळे म्हणून झाल्यावर ओशाळे होऊन माफीही मागायचे, आणि ती त्यांची समजूत घालत बसायची. तिला डोळ्यांचं काही नव्हतं. तिला ती तिसरी आणि चौथी ओळ छळत होती. एक अडली की दुसरी तिच्याभोवती फिरते, असं जगात काय असतं? आणि त्याहून मोठी टोचणी दुसरी होती. आई आता थकत चालली होती. गेल्या दिवाळीला तिनं सख्ख्या बहिणीचं नाव विसरून दाखवलं होतं. तिच्या पोटात अजून किती कोडी आहेत कुणास ठाऊक, आणि ती सगळी या एका कोड्याच्या मागं कोंडून पडली होती. उत्तर मिळालं नाही तर ती तशीच जाणार होती.

म्हणून परिषदेत आईच्या कन्नड तालुक्यातली माणसं येणार असं कळल्यावर करुणानं ठरवलं होतं, चहाच्या वेळी एकेकाला गाठायचं. भाषणं काय, नंतर छापून येतात. माणसं चहाला सापडतात.

पहिलं सत्र इंद्रजीत सरांचं होतं. विषय नेमका दुष्काळी कामांवरच्या गाण्यांचा. सरांचा अभ्यास दांडगा होता आणि फोटोही पुष्कळ होते. सुरेखाताईंनी सगळ्या वक्त्यांना बजावलं होतं की फोटोत काय आहे ते शब्दांत सांगा, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. सरांनी ते इमानदारीनं पाळलं. "हा एक फोटो आहे," ते म्हणायचे, आणि पुढं, "हा दुसरा फोटो आहे." करुणाच्या शेजारी बसलेला माणूस तेव्हा पहिल्यांदा हसला. तोही पाहू शकत नव्हता. संघपाल त्याचं नाव, जालन्याला वकिली करायचा.

भाषण संपल्यावर प्रश्न सुरू झाले. एक झाला, दोन झाले, आणि मग एका बाईचा आवाज आला. साठीच्या पुढचा, जरा खरखरीत, पण ताठ.

"सर, तुम्ही सांगितलेली सगळी कोडी हायत. उत्तरं कुठं हायत? उत्तराची ओळ निराळी असायची. तिची चाल बी निराळी. ऐका, अशी..." आणि त्या बाईनं माइकवरच सुरुवात केली, "ऐका गं बायांनो, सांगती तुम्हाला..."

करुणा खुर्चीत ताठ झाली. चाल आईचीच होती, पण आईची चाल शेवटाला वर चढायची, विचारल्यासारखी. ही खाली उतरत होती, टेकल्यासारखी.

"फारच मोलाची माहिती," इंद्रजीत सर म्हणाले, "पण वेळेअभावी आपण इथंच थांबू. बाई, चहाच्या वेळी आपण सविस्तर बोलू." टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या आणि सगळं सभागृह चहाच्या वासाच्या दिशेनं निघालं.

"कोण होत्या त्या?" करुणानं संघपालला विचारलं.

"नाव कुठं सांगितलं त्यांनी? इथं कुणीच सांगत नाही. दिसणाऱ्यांना गरज पडत नाही ना."

"कुठून बोलल्या? मागून का बाजूनं?"

"माइक होता. आवाज वरच्या बॉक्समधून आला. बॉक्सला काय दिशा?"

खरंच होतं ते. एरवी माणूस बोललं की करुणाला ते बोटानं दाखवता यायचं. माइकनं बाईचा आवाज उचलून छतावर नेऊन ठेवला होता. ती उठली आणि तिनं काठी उघडली. आता गर्दीत शिरायचं, कान लावायचे आणि ती खरखर शोधायची.

"अहो अहो, करुणाताई!" सुरेखाताई धावत आल्या. "काय लागलं तुम्हाला?"

"काही नाही, चहाला जाते."

"चहा मी आणलाय ना! बसा तुम्ही. बाहेर ही गर्दी, वायरी पडल्यात, कुणाच्या हातचा गरम कप सांडला तर? बसा बघू." आणि करुणाच्या हातात बशीसकट कप आला. हातात भरलेला कप आला की माणसाला बसावंच लागतं. "ते मघाशी गाणं म्हणणाऱ्या बाई कोण होत्या हो?" करुणानं घाईघाईनं विचारलं.

"मी तेव्हा चहाकडं होते. थांबा, विचारून येते," असं म्हणून सुरेखाताई गेल्या. वाटेत त्यांना कुणीतरी पाण्याचे जार संपल्याचं सांगितलं आणि त्या तिकडं वळल्या. हे करुणाला बसल्या जागी ऐकू आलं.

मग ती त्या रिकाम्या सभागृहात चहा पीत राहिली. दाराबाहेर परिषद चालू होती, खरी परिषद. कुणी कुणाला नंबर देत होतं, कुणी 'अरे, तुम्ही तेच का' म्हणून ओरडत होतं, कुणाच्या तरी मामाचे आणि कुणाच्या तरी गावाचे संबंध जुळत होते. आत तिच्या शेजारी संघपाल बिस्किट बुडवत होता. आणि मागं, पार दूर, कप बशीवर टेकवल्याचा किणकिण आवाज झाला. कुणी मांडववाला असेल, करुणाला वाटलं, आडोशाला बसून चहा घेतोय बिचारा.

"मी अशा किती तरी परिषदा केल्या," संघपाल म्हणाला. "प्रत्येक ठिकाणी लोक देवमाणसं असतात. आणि प्रत्येक ठिकाणी मी फक्त शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ओळखून घरी जातो."

दुपारच्या जेवणाला करुणानं बंडच करायचं ठरवलं. सत्र संपायच्या आधीच ती उठून दारापर्यंत पोचलीदेखील. पण तिथं सुरेखाताई ताट घेऊनच उभ्या होत्या. ताटात येसर आमटी होती. आता खरं सांगायचं तर करुणाला बंड आणि येसर आमटी यांत निवड करायची वेळ यायला नको होती. त्या वासानं तिचा निश्चय विरघळला आणि पोटानं तिचा घात केला. पुन्हा ती आपल्या खुर्चीवर, मांडीवर ताट, बाहेर माणसांचा कल्ला. आमटी फर्मास होती, याचा तिला आणखी राग आला.

"आईचं कोडं सांगा तरी," संघपाल म्हणाला. तिनं म्हणून दाखवलं. "डोळे म्हणणार नाही मी," तो म्हणाला, "माझी तेवढी अब्रू शिल्लक आहे." मग दोघं बराच वेळ तर्क करत बसले. जात्याच्या पाळ्या? त्या तर एकमेकींवरच बसलेल्या. नदीचे काठ? काठ फिरत नाहीत. घड्याळाचे काटे? खडी फोडणाऱ्या बायकांकडं घड्याळ कुठलं, ते तर मुकादमाच्या मनगटावर. तर्क संपले, आमटीही संपली.

चौथ्या प्रहरी सुरेखाताई पुन्हा आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर हळूच टेकल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच बसल्या असाव्यात, कारण बसताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. "ताई, एक विनंती. समारोपाला मनोगत असतं ना, त्यात तुम्ही दोन शब्द बोला. सोयी कशा वाटल्या, एवढंच. प्राचार्य ऐकणार आहेत, म्हणजे पुढच्या वर्षीही करता येईल." मग घाईनं त्या म्हणाल्या, "स्टेजवर यायचं नाही हं. माइक जागेवर आणून देते."

"आणि त्या गाणं म्हणणाऱ्या बाई?"

"अगं बाई!" सुरेखाताईंनी कपाळाला हात लावल्याचा आवाज झाला. "विसरलेच. आता तर लोक निघायला लागतील. करमाड की कुठून कुणी बाई आल्यात म्हणत होते, त्यांची गाडी दाराशी लागलीय. त्याच का, माहीत नाही."

म्हणजे उत्तर दाराशी लागलेल्या गाडीत बसून निघून जाणार, आणि ती इथं दोन गोड शब्द बोलत बसणार.

समारोप सुरू झाला. प्राचार्य बोलले, इंद्रजीत सर बोलले, आणि मग माइक करुणाच्या हातात आला. ती उभी राहिली. मनोगतात काय बोलायचं ते सगळ्यांना पाठ असतं, आणि तिलाही होतं.

"सुरेखाताईंनी जे केलं ते कुणी करत नाही," तिनं सुरुवात केली. "उतार केला, ब्रेल केलं, आमटी तर काय सांगू. मला दिवसभरात कशाचीच कमी पडली नाही. फक्त एकच गोष्ट राहिली. मी आज इथं कुणालाच भेटले नाही."

तिनं माइक नीट धरला.

"चहा माझ्याकडं आला, जेवण माझ्याकडं आलं, माइकसुद्धा आला. माणसं कशी येणार? ती ताटात वाढून आणता येत नाहीत. तिकडं मलाच जावं लागतं, आणि मला कुणी उठू देत नाही." ती हसत म्हणाली. "सकाळी एका बाईंनी उत्तराची ओळ म्हटली. त्या कोण ते मला ठाऊक नाही, कारण इथं बोलताना कुणी नाव सांगत नाही. त्या कुठं बसल्यात तेही कळलं नाही. माझ्या आईचं एक कोडं उत्तरावाचून पडलंय. मी ते म्हणते. त्या बाई अजून इथं असतील तर त्यांनी बोलावं. नाव सांगून, आणि माइक न घेता. म्हणजे मला दिशा कळेल."

आणि प्राचार्यांसमोर, वेळेअभावी कुणी थांबवायच्या आत, तिनं आईचं कोडं आईच्या चालीत म्हटलं. दोघी बहिणी गं, एका घरी नांदती. शेवटचं 'कोण त्या, कोण त्या' वर चढलं आणि तिथंच लोंबकळत राहिलं.

मग पार मागून, डावीकडून, उताराच्या दाराच्या बाजूनं तीच खरखर आली. या वेळी छतावरून नव्हे, माणसाच्या उंचीवरून, नव्हे, जरा खालूनच.

"मी दगडाबाई, आता करमाडला असते. अगं पोरी, हे कोडं तू कुठनं आणलंस?"

"माझ्या आईचं आहे. पारूबाई, देवगाव रंगारीची."

"पारू!" दगडाबाई ओरडल्या. "ती नवी सून? कपाळावर खडीची खोक पडलेली?"

ती खोक करुणानं लहानपणापासून बोटांनी ओळखली होती. "व्हय," ती म्हणाली, आणि तिचं शाळेतलं मराठी तिथंच सुटलं.

"थांबा, आम्ही आणतो त्यांना!" दोघंतिघं एकदम उठले. "बसा ताई, त्यांनाच इकडं..."

"कुणी कुणाला आणायचं नाही!" हे करुणा बोलायच्या आत दगडाबाईच गरजल्या. "माझ्या पुढ्यातल्या या खुर्च्या तेवढ्या काढा. सकाळपासून कोंडून ठेवलंय मला."

खुर्च्या ओढल्याचा खडखडाट झाला. करुणा काठी टेकत निघाली. वाटेत एक वायर आली, एक पिशवी आली, कुणाचा तरी पाय आला आणि घाईनं मागं गेला. दगडाबाई न थांबता बोलत राहिल्या, आवाजाची वाट तिला दिसत राहावी म्हणून, आणि समोरून रबरी चाकांची घसघस जवळ येत गेली. सभागृहाच्या मधोमध दोघी एकमेकींपाशी पोचल्या. एक रुंद, घट्टे पडलेला हात करुणाच्या हातात आला.

"तुम्ही दिवसभर होता कुठं?" करुणानं विचारलं.

"तिथंच, दारापाशी. ते सर म्हणाले चहाला बोलू. चहा तर मी जागेवरच प्याले, एकटी. बाहेर न्या म्हटलं तर ती बाई नकोच म्हणली."

म्हणजे तो कपाचा आवाज. मांडववाला नव्हता. करुणाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोघी एकाच रिकाम्या सभागृहाच्या दोन टोकांना बसून चहा पीत होत्या, आणि दोघींची बडदास्त एकाच बाईनं ठेवली होती.

"उत्तर काय हो?" तिच्यानं राहवेना.

"सांगत नाय. हातात देते." दगडाबाईंनी तिला मागच्या बाजूला आणलं आणि तिचे दोन्ही हात धरून आपल्या खुर्चीच्या पाठीमागच्या मुठींवर ठेवले. "घट्ट धर. आता बघ, हे एक मी दाबून धरलं. हललंच नाय समज. आणि ही दुसरी..."

मुठी हलल्या. खुर्ची पुढं गेली नाही, मागं गेली नाही, ती वळू लागली, आणि तिच्यामागं करुणाही पाय टाकत वळू लागली. एक बाजू जागच्या जागी रुतलेली, दुसरी तिच्याभोवती फेर धरून फिरतेय, आणि करुणा तिच्या मागून गोल, गोल. कुणाचा तरी धक्का लागला, कुणीतरी हसलं.

"चाकं!" करुणा किंचाळली. "गाडीची चाकं!"

"व्हय गं बाई, चाकं!" दगडाबाईंना धाप लागली होती. "मला पोलिओ. पाय चालत नव्हते, म्हणून माय मला कामावर बैलगाडीतनं न्यायची. तुझ्या आईनं कोडं घातलं त्या दिवशी परतताना गाडीचं एक चाक वाळूत रुतलं. बैलांनी ओढ घेतली आन् गाडी तिथल्या तिथं गरकन फिरली. मी मागं लटकलेली, मीच ओरडले, माय, उत्तर घावलं! रातभर आम्ही त्याचं गाणं बांधलं. सकाळी कामावर गेलो तर मुकादमानं आमची ओळ उचलून दुसऱ्या तलावावर धाडली. सगळ्या बाया मोप खट्टू झाल्या. त्या वाट बघत असतील म्हणून मी तर रडले."

"ती अजून वाट बघतेय," करुणा म्हणाली. तिनं फोन काढला आणि स्पीकरवर टाकून आईला लावला. सगळं सभागृह उभं राहिलं होतं हे तिला कळत होतं, कारण खुर्च्या एकदम मागं सरकल्या होत्या.

"जेवलीस का?" पलीकडून पारूबाईनं विचारलं.

"आई, समोरची ओळ आलीय."

"कुठली ओळ?"

करुणानं फोन दगडाबाईंच्या तोंडापाशी धरला. दगडाबाईंनी घसा साफ केला. मग उत्तराची चाल धरली:

ऐका गं बायांनो, सांगती तुम्हाला,
दोघी त्या चाकं गं, माझ्या बैलगाडीला.
एक रुतलं वाळूत, दुसरं फिरलं गोल,
कोडं सुटलं आमचं, आता तुमचा बोल.

पलीकडून एक लांब श्वास आला.

"लई येळ लावला गं," पारूबाई म्हणाली.

"मुकादमानं नेलं बाई आम्हाला," दगडाबाई म्हणाल्या.

"असू दे, असू दे. उत्तर खरं हाय." पारूबाईचा आवाज एकदम चढला, कामावरच्या बाईचा झाला. "आता पुढलं ऐक." आणि जे गाणं करुणानं जन्मात ऐकलं नव्हतं ते सुरू झालं:

डोईवर बसती गं, राणी ती न्हाय,
ओझं ती सोसती गं, हमाल न्हाय.
घरला गेल्यावर कुणी पुसत न्हाय,
वळखा गं बायांनो, कोण ती, कोण ती?

करुणा रेकॉर्डर सुरू करायला विसरली. नंतर आठवलं तरी तिला वाईट वाटलं नाही, कारण आता आई थांबणार नव्हती.

तेवढ्यात चहाचा वास आला. सुरेखाताई मागं उभ्या होत्या, हातात दोन कपांचा ट्रे घेऊन. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "बसल्या जागी घ्या म्हणणार होते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज दिवसभराच्या आवाजासारखा नव्हता. "ठेवते हा परत. चला, सगळ्याच बाहेर जाऊ."

त्या तिघी दाराकडं निघाल्या. फोन चालूच होता. करुणाच्या हातात खुर्चीची मूठ होती, पुढं दगडाबाई वाट सांगत होत्या आणि मागून संघपाल आवाजाच्या मागावर येत होता. चहाच्या रांगेत लोक बाजूला होऊ लागले तशी करुणा म्हणाली, "बाजूला होऊ नका, आम्हाला रांगेतच उभं राहायचंय. आणि कोण कोण आहे ते नावं सांगा." एकेक जण नाव सांगू लागला, आणि नाव सांगितल्यावर दुसऱ्या कोड्याचं आपलं उत्तरही.

"कोण ती, वळखा," फोनमधून पारूबाई म्हणाली. "नाय आलं तर तसं कबूल करा."

"डोक्यावर ओझं, आणि काम झाल्यावर कुणी विचारत नाही," सुरेखाताई विचार करत म्हणाल्या. "मीच ती. स्वागत समिती!"

रांग खदखदून हसली. पारूबाईला समिती म्हणजे काय ते कळलं नाही, पण उत्तर चुकलंय एवढं तिला कळलं.

"नाय!" ती ओरडली. इतक्या वर्षांनी कुणीतरी नव्या कोड्याला चुकलं होतं, आणि ती इतकी खूश झाली होती की करुणानं खुर्चीची मूठ सोडून फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.